मलावीला साखर कारखान्यावर दोन वर्षं जातोय. तब्येतीच्या दृष्टीनं काय काय बघून जावं?

उसाचं_पेर

नमस्कार मंडळी. वय ३४, गाव वाळवा तालुक्यात. ११ वर्षं साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला काढली. आता आफ्रिकेतल्या मलावी देशात एका कारखान्याचा दोन वर्षांचा करार हातात आलाय. एप्रिलअखेर निघायचंय. मुंबई, अदिस अबाबा, लिलाँग्वे असं तिकीट आहे. कारखाना मलावी सरोवराच्या अंगाला, राजधानी लिलाँग्वेपासून गाडीनं अडीच तासांवर.

एजंट म्हणतो, "कॉलनीत दवाखाना आहे, सगळी सोय आहे, काळजीच करू नका." त्याच्यामार्फत आधी जाऊन आलेला एक जण भेटला. तो म्हणाला, दवाखाना म्हणजे एक नर्स आणि पॅरासिटामॉलचा डबा. दोघांपैकी खरं कोण, देव जाणे.

माझं म्हणाल तर बीपी थोडं आहे, सकाळी टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी. २०२१ ला मुतखडा झाला होता, आपोआप पडला. बाकी ठणठणीत. आमच्या गावच्या डॉक्टरांनी मलेरियासाठी क्लोरोक्विन लिहून दिलंय, आठवड्याला एकदा घ्यायचं म्हणाले. एवढ्यानं भागेल का? लसी कुठल्या घ्याव्यात? यलो फिव्हरचं इंजेक्शन लागतं का? एजंट "नाही" म्हणतो, ट्रॅव्हलवाला "हो" म्हणतो. औषधं इथून किती न्यावीत? बायको आणि मुलगी इथंच राहणार आहेत. आईनं तर जेवण सोडायचं तेवढं बाकी ठेवलंय.

झणझणीत_मिसळ

एवढं टेन्शन घेऊ नका राव. शेतकऱ्याचं पोर आहात. रोज लसणाच्या दोन पाकळ्या, गुळवेलीचा काढा आणि सकाळी सूर्यनमस्कार. प्रतिकारशक्ती चांगली असली की डास चावून काय करतोय? माझे मामा दहा वर्षं आखातात होते, एक इंजेक्शन घेतलं नाही.

पॅनवाला

मिसळराव, तुमचे मामा आखातात होते. आखात आणि मलावीतलं शिरे नदीचं खोरं यात तेवढाच फरक आहे जेवढा मिसळीत आणि श्रीखंडात. सूर्यनमस्कार मीही घालत होतो. तरी मरता मरता वाचलोय, म्हणून लिहायला बसलोय.

उसाच्या पेरा, तुझं वय माझ्या थोरल्याएवढं, म्हणून अरे-तुरे करतो. मी पॅन इनचार्ज (साखर शिजवतात ती मोठी कढई म्हणजे पॅन) म्हणून मलावीत दोन ठिकाणी मिळून सहा वर्षं काढली. आता जयसिंगपुरात घरी असतो.

पहिलं, ते क्लोरोक्विन परत दे. आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक सगळा फाल्सिपेरम जातीचा, आणि तो क्लोरोक्विनला कधीच दाद देईनासा झालाय. तुझ्या डॉक्टरांची चूक नाही, त्यांनी इकडचा मलेरिया बघितलाय. तिकडं लहान पोरं मलेरियानं जातात. मोठी माणसं लहानपणापासून अंगावर काढून थोडी निबर होतात. तुझ्यामाझ्या अंगात ती निबरता नाही. तिकडचा फिटर ताप अंगावर घेऊन शिफ्ट करतो म्हणून आपणही करायला गेलो की संपलो.

आता माझी गोष्ट ऐक. डॉक्सिसायक्लिनची रोज एक गोळी मी इमानदारीत घ्यायचो. चौथ्या वर्षी दिवाळीला सुट्टीवर आलो. घरी पोचलो, म्हटलं आता कशाला गोळी, इथं कुठं तिकडचा डास. सोडून दिली. आल्यावर बाराव्या दिवशी ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडलं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, प्लेटलेट कमी. दिवाळीत आमच्याकडं प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, दुसरं नाव कुणाच्या तोंडात येत नाही. सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी मी बायकोला विचारायला लागलो, "पॅन कितीवर आलाय?" ती घाबरली, तिला वाटलं डोकं फिरलं. पुतण्या त्याच सकाळी पुण्याहून आला होता. त्यानं डॉक्टरांना एकच वाक्य सांगितलं, काका पंधरवड्यापूर्वी आफ्रिकेतनं आलेत. तासाभरात काचेवर रक्त पसरून बघितलं, त्यात किडे बुजबुजलेले. कोल्हापुरात आयसीयूत आठ दिवस, आर्टिसुनेटची इंजेक्शनं, मूत्रपिंडं दमलेली. नशिबानं डायलिसिसवर गेलो नाही.

यात मलेरियानं मला जेवढं मारलं त्याहून जास्त त्या तीन दिवसांनी मारलं. आणि ते वाक्य मी स्वतः पहिल्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडात ते आलं नाही, कारण मी घरी होतो, आईच्या हातचं खात होतो. परदेश मागं पडला असं वाटलं होतं.

म्हणून लस, गोळी, मच्छरदाणी हे सगळं कर, पण त्याआधी ताप आल्यावरचे पहिले काही तास कसे जाणार ते ठरव. तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात, अंगात ताकद असताना. चाचणी कुठं होते? रात्री दोनला होते का? दवाखान्यातले किट संपलेले असले तर पुढचा दवाखाना कुठला? गाडी कुणाची, किल्ली कुणाकडं? गाडीत डिझेल आहे का? हे गमतीनं विचारत नाही. अलीकडं तिकडं इंधनाची टंचाई वारंवार होते, पंपावर रात्र रात्र रांगा लागतात. मी माझ्या खोलीत वीस लिटरचा कॅन भरून ठेवायचो, नियमात बसत नव्हतं तरी. खासगी रुग्णालयात आधी पैसे मागतात, म्हणून थोडे क्वाचा, म्हणजे तिकडचे पैसे, रोख हाताशी ठेव. शेजारच्या खोलीतल्या गड्याला सांगून ठेव की मी बरळायला लागलो तर माझं ऐकू नको, गाडीत घाल.

एजंटचं म्हणशील तर मलाही एकानं असंच "सगळी सोय" म्हणून पाठवलं होतं. सोय होती, कुलूपबंद. किल्लीवाला आठवड्याला दोनदा यायचा.

कडुनिंब

मी फिजिशियन आहे. पॅनवाला काकांनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी फक्त भर घालते. हा सल्ला तुम्हाला न तपासता दिलेला आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी प्रवासी लसीकरण करणाऱ्या डॉक्टरांना एकदा प्रत्यक्ष भेटाच.

यलो फिव्हर: एजंट आणि ट्रॅव्हलवाला दोघेही अर्धे बरोबर. मलावीत यलो फिव्हर नाही आणि भारतातून येणाऱ्याला तिथे तो दाखला मागत नाहीत. पण तुमचं विमान अदिसला बदलतं आणि इथिओपिया यलो फिव्हरच्या यादीत आहे. तिथे १२ तासांहून जास्त थांबलात तर मलावीत दाखला मागू शकतात. परत येताना तर भारत याबाबत फारच कडक आहे. यादीतल्या देशातून दाखल्याशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर पडला नाहीत तर नियमात सवलत आहे, पण रात्री तीन वाजता काउंटरवर ती समजावत बसण्यापेक्षा टोचून घ्या. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची असते, ठरावीक वारी देतात, आधी वेळ घ्यावी लागते. दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, म्हणून ते पिवळं पुस्तक पासपोर्टइतकं जपा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

बाकी लसी म्हणजे हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वाताचा बूस्टर, आणि हिपॅटायटिस बी झाली नसेल तर तीही. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा असं मी आग्रहानं सांगते. कुत्रा चावल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन अशा ठिकाणी मिळणं कठीण असतं. आधी दोन डोस झालेले असतील तर चावल्यानंतर ते लागत नाही. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लसीचे आणखी दोन डोस घ्यायचे. आधीची लस आहे म्हणून गप्प मात्र बसायचं नाही.

मलेरियाची लस मलावीतच २०१९ मध्ये पहिल्यांदा सरकारी कार्यक्रमात आली, हे बातम्यांत वाचलं असेल. ती लहान मुलांसाठी आहे, तुमच्या कामाची नाही. तुम्हाला रोजची डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यांपैकी एक. दुसरी महाग पडते, दोन वर्षं तर फारच. डॉक्सी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकली की छाती भाजते. उन्हानं कातडी लवकर करपते, फुल बाह्यांचा शर्ट घाला. आणि काकांची चूक करू नका: मलेरियाचा भाग सोडल्यानंतर डॉक्सी चार आठवडे चालूच ठेवायची.

आता बीपीची गोळी. ही गोष्ट कुणी सांगत नाही. टेल्मिसार्टन चालू असताना जुलाब-उलट्या होऊन शरीर कोरडं पडलं आणि वर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक घेतलं, तर मूत्रपिंडाला मोठा दणका बसू शकतो. तुमचा मुतखड्याचा इतिहास आहे, म्हणजे पोटात कळ आली की हात डायक्लोफिनॅककडेच जाणार. अशा आजारपणात टेल्मिसार्टन थांबवायची का, कधी, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन जा. निघण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), पोटॅशियम आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. खडा आत दडून बसला असेल तर तो इथे असतानाच कळू दे. दातांचंही तेच, दाढ किडलेली असेल तर निघण्याआधीच काम उरकून घ्या.

उसाचं_पेर

काका, मॅडम, मनापासून आभार. क्लोरोक्विन परत केलं. आईला ही चर्चा वाचून दाखवणार होतो, काकांच्या आयसीयूपर्यंत आलो आणि मोबाइल खिशात घातला.

एक विचारायचं राहिलं. पाण्याचं काय? तिकडं २०२२-२३ मध्ये पटकीची मोठी साथ आली होती ना? आणि सरोवर इतकं जवळ आहे तर रविवारी पोहायला जाता येईल का? कृष्णेत पोहत वाढलोय, तेवढाच विरंगुळा.

लिलाँग्वेची_सून

मी इथेच असते, १४ वर्षं झाली. हो, ती साथ मलावीच्या इतिहासातली सगळ्यात वाईट होती, १७०० हून जास्त माणसं गेली. आम्ही तेव्हा भाजीसुद्धा क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवायचो. एरवी पाणी खळखळून उकळायचं आणि झाकून ठेवायचं, एवढं पुरतं. फिल्टर आणलात तरी वीज जाते हे लक्षात ठेवा, विजेवर चालणारा नको. बाहेर बर्फ नको, कापलेली फळं नकोत. केळी आणि आंबे स्वतः सोलून खा, इथले आंबे छान असतात.

इथे आल्या आल्या तीन शब्द पाठ करा. मालुंगो म्हणजे मलेरिया, चिपाताला म्हणजे दवाखाना, माद्झी म्हणजे पाणी. ड्रायव्हरला इंग्रजी येतंच असं नाही.

कपड्यांबद्दल कुणी बोललंच नाही! बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, एक माशी अंडी घालते. इकडे पुट्सी म्हणतात. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखी गाठ येते. उपाय एकच, प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, चड्डीच्या इलॅस्टिकसकट. माझ्या नवऱ्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं, बायको फारच टापटिपीची मिळाली.

सासूबाईंचं इन्शुलिन वीज गेल्यावर आम्ही माठात ठेवतो, डबीत घालून, माठाला ओलं फडकं गुंडाळून. तुम्हाला लागणार नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

पॅनवाला

पोहण्याचं मी सांगतो. नको.

सरोवर इतकं निळं आहे की बघून कोकण विसरशील. पण काठच्या उथळ पाण्यात, लव्हाळ्यात, गोगलगायी असतात आणि त्यांच्यातनं बिल्हार्झियाचे जंतू पाण्यात सुटतात. अख्ख्या कातडीतून आत शिरतात, जखम लागत नाही. आमचे चौघे दर रविवारी पोहायला जायचे. दोन-तीन महिन्यांनी एकाच्या लघवीतनं रक्त. तुला तर आधीच मुतखडा होऊन गेलाय. लघवी लाल झाली की तू म्हणशील खडा सरकला, भरपूर पाणी पिशील आणि गप्प बसशील. म्हणून तुला खास सांगतो. चुकून पाण्यात उतरलास तर काही आठवड्यांनी लघवी आणि रक्त तपासून घे. प्राझिक्वांटेल नावाची गोळी आहे, वजनावर देतात. त्या चौघांनाही तीच दिली आणि सगळे सुटले. शिवाय मगरी आणि पाणघोडे आहेतच, पण त्यांची भीती तुला मी सांगायला नको.

खड्यावरनं आठवलं. पॅनच्या मजल्यावर किती घाम येतो ते तुला माहीत आहे. शिफ्टला तीन लिटरची बाटली भरून ने आणि रिकामीच परत आण. जुलाब झाले आणि ओआरएसची पाकिटं संपली, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेला तर तोटा नाहीच तुला.

सापाचंही ऐक. इकडनं सर्पदंशाची लस बॅगेत घालून नेणारे मी बघितलेत. उपयोग नाही. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनवलेली. तिकडं पफ ॲडर, मांबा, थुंकणारा नाग. ते विष वेगळं, लसही वेगळी. रात्रपाळीला जाताना बूट आणि बॅटरी, एवढंच तुझ्या हातात. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यात गेलं तर डोळे चोळू नको, पाण्यानं धुवत राहा, धुवत धुवतच दवाखान्यात जा.

आणि मुख्य म्हणजे रस्ता. आमच्यातले दोन जण गेले. दोघेही रस्त्यावर, दोघेही अंधारात. बंद पडलेला ट्रक दिव्याशिवाय मध्येच उभा असतो. दिवस मावळला की गाडी काढायची नाही, पगार घ्यायला जायचं असलं तरी. याला एकच अपवाद, तो ताप. तेव्हा पट्टा लावून, सावकाश.

कडुनिंब

काका, त्या "रात्री दोन" वर एक उपाय आहे. मलेरियाची बोटाच्या थेंबावरची किट दहा-बारा सोबत न्या, आर्टेमेथर-ल्यूमेफॅन्ट्रिन या मलेरियावरच्या गोळ्यांचा एक पूर्ण कोर्सही न्या. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव लिहून. पण नियम असा: आधी दवाखाना. तो गाठायला अख्खा दिवस लागणार असेल तरच घरी सुरू करायचं आणि सुरू करून दवाखान्याकडे निघायचं. गोळी दुधाबरोबर किंवा तुपातेलाच्या घासाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नीट लागू होत नाही. पहिली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, ताप असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा.

ट्रॅमाडॉल, कोडीन असलं काही बॅगेत नको, विमानतळांवर त्रास होतो. आणि विमा. इथली मेडिक्लेम सहसा परदेशात चालत नाही. करारात कंपनीचा विमा असेल तर त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलाय का ते कागदावर बघा. तिकडून गंभीर रुग्ण बहुतेक जोहान्सबर्गला नेतात. तो खर्च कुठल्याही पगाराला झेपणारा नाही.

झणझणीत_मिसळ

मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे आम्हाला कंपनीनं जाण्याआधी चार इंजेक्शनं दिली होती, तुला कुणी सांगितलं एकही नाही म्हणून?" शब्द मागे घेतो. लसूण खातच राहणार.

उसाचं_पेर

वीस दिवसांनी लिहितोय. यलो फिव्हर टोचून आलो, मुंबईत सकाळी सहापासून रांगेत होतो. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, रेबीजचे दोन्ही डोस झाले. सोनोग्राफीत उजव्या बाजूला ४ मिमीचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले पडेल, पाणी प्या. क्रिएटिनिन नॉर्मल. दाढेत सिमेंट भरलं. टेल्मिसार्टन कधी थांबवायची ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

एजंटला विम्याचा कागद मागितला. आधी "आहे हो" म्हणाला, मग चार दिवस फोन उचलला नाही, शेवटी पाठवला. त्यात हलवण्याचा खर्च नव्हता. मी म्हटलं, तो घाला, नाहीतर तिकीट रद्द करा. काल नवीन कागद आलाय.

काका, तुमचं ते वाक्य पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून बायकोला दिलंय. "हे आफ्रिकेतून आलेत, आधी मलेरियाची तपासणी करा." पहिल्या सुट्टीला येईन तेव्हा मला साधी शिंक आली तरी ती हा पुठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे जाईल, अशी तिनं तंबी दिलीय. आई जेवायला लागली.

पॅनवाला

पुठ्ठा फ्रिजवर लाव, कपाटात ठेवलास तर सापडणार नाही. आणि जाताना इस्त्री घेऊन जा, तिकडची लवकर जळते.